गाडी मुलाच्या नावावर, चालवत होता दुसराच

प्रश्न : मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक. मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. मे-जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. शुक्रवारी, ६ जूनला मुलगा ड्यूटीवर होता, म्हणून तिथेच राहणाऱ्या माझ्या पुतण्याने त्याची गाडी घेऊन आम्हाला खरेदीला नेलं. गाडीच्या विम्यात पुतण्याचंही नाव आहे. दुकानांच्या आवारात दोन तास पार्किंग फुकट होतं. हिच्या गुडघ्यांमुळे निघायला उशीर झाला, पावणेतीन तास लागले. कुणी हटकलं नाही, काचेवर कागद लावला नाही. पुढे मुलाच्या नावाने एका खासगी पार्किंग कंपनीची नोटीस आली : १०० पौंड भरा, चौदा दिवसांत भरले तर ६०. नोटिशीवर तारीख गुरुवार, १९ जून. घरी पोचली मंगळवारी, २४ जूनला. मुलगा म्हणतो, गाडी माझ्या नावावर आहे, भरावेच लागणार. पुतण्या म्हणतो, मीच चालवत होतो असं लिहून देतो. इथे शेजारचे एक जण म्हणतात, फाडून टाका. दुसरे म्हणतात, पोराचा व्हिसा जाईल. आणि एक मनातलं विचारतो. चालवणारा कोण ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुमच्याशी फोनवर बोलले, कारण मासिक छापून येईपर्यंत मुदत टळली असती. तेच आता सविस्तर लिहिते. मराठवाड्यातली किती पोरं आज तिकडे आहेत! त्यांच्या आईवडिलांचा हा प्रश्न मला वारंवार येतो. लातूरला वकिली सुरू करण्याआधी मी इंग्लंडमध्ये एका मोफत कायदा-सल्ला केंद्रात काम करत होते. शनिवारी सकाळी समोर येऊन बसणाऱ्या माणसांपैकी बऱ्याच जणांच्या हातात अशीच नोटीस असायची.

आधी व्हिसाची धास्ती काढून टाका. खासगी कंपनीने पाठवलेली ही नोटीस सरकारी दंड नाही. 'आमच्या जागेत गाडी लावताना आमच्या पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्या, त्या मोडल्या, म्हणून ही रक्कम द्या' एवढाच तिचा अर्थ. भांडण कराराचं आहे, दिवाणी आहे. त्यात गुन्हा नाही, पोलिसांत नोंद नाही.

पण फाडून टाका म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचंही ऐकू नका. 'खासगी कंपनीला कोण विचारतो' हा समज तिकडेही पुष्कळ वर्षं होता. २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो मोडून काढला. चेम्सफर्डच्या एका दुकान-आवारात बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ दोन फुकट तासांच्या वर ५६ मिनिटं थांबले होते. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले आणि कोर्टाने ती मागणी वैध ठरवली. म्हणून 'थोडासाच उशीर झाला, एवढ्यासाठी इतके पैसे कसले' हा मुद्दा आता फारसा चालत नाही. गुडघ्याचं कारण माणूस म्हणून मला पटतं, पण तेवढ्यावर लढाई उभी करू नका. मात्र बीव्हिस स्वतःच गाडी चालवत होते, आणि ते त्यांनी नाकारलंही नव्हतं. तुमच्या मुलाची गोष्ट इथेच वेगळी होते.

आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो : आरसीवर ज्याचं नाव, चलान त्याच्या माथी. तोच हिशोब पोरं विमानात बसून तिकडे नेतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेतल्या पार्किंगला तो लागू नाही. करार होतो तो गाडी लावणाऱ्याशी, म्हणजे चालकाशी. कागदावर ज्याचं नाव आहे त्याला तिकडे 'रजिस्टर्ड कीपर' म्हणतात, आणि त्या नोंदणीपत्रावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, तसंच समजा.

मग कंपनी कीपरकडे पैसे मागते कशाच्या जोरावर? 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२' या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाच्या जोरावर. हा भाग १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला. त्याच कायद्याने खासगी जागेत चाकाला कुलूप ठोकायला बंदी केली. त्याआधी माणसं संध्याकाळी गाडीशी यायची तेव्हा चाकाला पिवळा लोखंडी सापळा लावलेला असायचा, पैसे मोजल्याशिवाय सुटका नाही. ते बंद केलं आणि बदल्यात कंपन्यांना एक सोय दिली : चालक कोण हे कळत नसेल तर कीपरकडून वसूल करा. पण ही सोय अटींवर दिली आहे. एक अट चुकली की या परिशिष्टाखाली कीपरची जबाबदारी निर्माणच होत नाही. खरा बचाव इथे आहे, आणि सामान्य माणूस नेमका इथे बघत नाही, कारण त्याचा डोळा रकमेवर खिळलेला असतो.

तुमची तारीख आता माझ्यासोबत मोजा. काचेवर कागद न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवली असेल तर परिशिष्टाचा नववा परिच्छेद लागतो. गाडी ज्या दिवशी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत नोटीस कीपरला *पोचली* पाहिजे. नुसती पाठवली असून भागत नाही. ६ जूनला गाडी निघाली, म्हणजे ७ जून पहिला दिवस आणि २० जून चौदावा. टपालाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचलं असं कायदा धरतो. १९ तारखेला, गुरुवारी ते टाकलं असं कंपनीच्या बाजूने धरलं तरी शुक्रवार पहिला कामाचा दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी २३ तारीख. प्रत्यक्षात तुमच्याकडे ते २४ ला आलं. दोन्ही हिशोबांनी मुदत गेली. मुलाला तो लिफाफा जपून ठेवायला सांगा. त्यावर टपालाचा शिक्का असेल तर सोनंच.

काचेवर आधी कागद लावला असता तर मोजणी वेगळी झाली असती. तेव्हा कंपनीने २८ दिवस थांबायचं आणि त्यापुढच्या २८ दिवसांत कीपरला नोटीस पोचवायची. हा भेद ओळखता आला पाहिजे, कारण एकाची मुदत दुसऱ्याला लावून माणसं चांगला मुद्दा घालवून बसतात.

तारखेखेरीज मजकूरही वाचायला लावा. नोटिशीत गाडीचा नंबर, जागा, किती वेळ उभी होती, रक्कम कशाची, हे सगळं हवं. 'चालकाचं नाव-पत्ता आम्हाला माहीत नाही, तुम्ही पैसे भरा किंवा चालकाचं नाव-पत्ता कळवा' असं स्पष्ट सांगितलेलं हवं. नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवसांत यातलं काही झालं नाही तर कीपरकडून वसुलीचा हक्क मिळेल, असा इशारा हवा. बहुतेक वेळा हे मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. उशिरा पाठवलेल्या काही नोटिशींतून हा परिच्छेद गाळलेलाच असतो, कारण कीपरवर हक्क उरला नाही हे कंपनीलाही माहीत असतं. तरी पत्र कीपरच्याच नावाने येतं, आणि घाबरून भरणारा भरतो. मला याचाच राग येतो. नव्या मुलखात गेलेलं पोर, पहिल्या दोन-तीन वर्षांची ओढाताण, भाडं, इकडे पाठवायचे पैसे. त्यातून साठ पौंड, म्हणजे आपले जवळजवळ सात हजार रुपये, जे देणं लागत नाही त्यासाठी जातात.

आता मुलाने काय लिहायचं. नोटिशीवरच कंपनीकडे अपील कसं करायचं ते दिलेलं असतं; २८ दिवसांच्या आत करावं. ऑनलाइन अर्जात 'तुम्ही कोण' या रकान्यात 'कीपर' निवडायचं. मजकूर चार ओळींचा पुरे : मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर आहे. ६ जूनच्या घटनेची तुमची नोटीस २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नवव्या परिच्छेदाच्या मुदतीत मला मिळाली नाही, म्हणून कीपर या नात्याने माझ्यावर जबाबदारी येत नाही. त्या वेळी मी गाडी चालवत नव्हतो. चालकाचं नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन माझ्यावर नाही; ही मागणी रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा क्रमांक द्या. बस्स. तुम्ही मला लिहिलेलं पत्र 'आम्ही गेलो, आम्हाला उशीर झाला' असं आहे. अपिलात तसं 'आम्ही' येऊ देऊ नका. मला एक नर्स आठवते. तिला आलेल्या नोटिशीची मुदत अशीच टळलेली होती. पण आमच्याकडे येण्याआधीच तिने सरळ मनाने कंपनीला कळवलं होतं : माफ करा, मुलाला दवाखान्यात दाखवून यायला मला उशीर झाला. त्या एका वाक्याने ती चालक ठरली आणि मुदतीचा मुद्दा निरुपयोगी झाला. चालक जर ठाऊक असेल तर कीपरच्या अटींशी कुणाला काही देणंघेणं उरत नाही.

म्हणून पुतण्याला थांबवा. त्याने लिहून दिलं तर तुमचा मुलगा मोकळा होईल हे खरं, पण पुतण्या पूर्ण अडकेल. मुदतीचा बचाव चालकाला मिळत नाही.

कंपनी बहुधा नकार कळवेल. तेव्हा ती कोणत्या संघटनेची सभासद आहे ते बघा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर 'पोप्ला' या स्वतंत्र अपील यंत्रणेकडे २८ दिवसांत अपील करता येतं. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर 'आयएएस' या तशाच यंत्रणेकडे, तिथे मुदत २१ दिवसांची. दोन्हीकडे साध्या अपिलाला फी नाही. पोप्लाचा निकाल कंपनीवर बांधील असतो, तुमच्यावर नाही. तिथवर गेल्यावर साठ पौंडांची सवलत सहसा हातची जाते, हे मुलाला माहीत असू द्या. तुमच्या तारखा बघता मी ती सवलत सोडायला सांगेन. 'कीपर होता म्हणजे तोच चालवत असणार' असं कंपनी म्हणू शकते. पोप्लाचे तेव्हाचे मुख्य निर्णायक हेन्री ग्रीन्सलेड यांनी २०१५ च्या वार्षिक अहवालात स्पष्ट लिहून ठेवलं आहे की कायद्यात असं गृहीतक नाही.

आता तुमच्या मनातलं. गुरुजी, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून मी एवढं लांबवलं. पोलिसांनी किंवा सरकारी यंत्रणेने रहदारीच्या गुन्ह्यासाठी विचारलं तर तिकडेही कीपरला चालकाचं नाव सांगावंच लागतं, आणि तिथे गप्प राहणं हाच गुन्हा आहे. खासगी कंपनीला तो अधिकार संसदेने दिला नाही. दिला तो दुसरा मार्ग, अटींसकट. ज्याला उत्तर मागायचा हक्क नाही त्याला उत्तर न देणं हे मला खोटं वाटत नाही. खोटं वेगळं. मुलाने 'मला माहीतच नाही कोण चालवत होतं' असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशाने समोर विचारलं तर खरंच सांगावं लागेल. तिथल्या प्रत्येक जबाबाखाली 'हे सत्य आहे' अशी सही असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा कोर्टाचा अवमान ठरतो. आणखी एक युक्ती तुमच्या कानावर येईल : चालक म्हणून भारतातल्या वडिलांचं नाव देऊन टाका, अंबाजोगाईपर्यंत कोण येतंय! असं करून बसलेली घरं मी पाहिली आहेत. कृपा करून आपलं नाव असल्या कागदावर जाऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगी रेडिंगला असते. दोन वर्षांपूर्वीच्या पार्किंगची पत्रं तिने फेकून दिली, नंतर घर बदललं. आता जुन्या घरातल्या मैत्रिणीने कोर्टाचा कागद फोटो काढून पाठवला. रक्कम १७० पौंड आणि वर खर्च. काय करावं?
— एक आई, जालना

उत्तर : ताई, आजच मुलीला फोन लावा. वसुली एजन्सींची पत्रं आणि कोर्टाचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसुली एजन्सीला घरात शिरायचा किंवा वस्तू उचलायचा काहीही अधिकार नसतो. तिच्या पत्रातल्या लाल अक्षरांना घाबरायचं कारण नव्हतं. कोर्टाच्या कागदाला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

दाव्याच्या कागदावर जी तारीख आहे त्यानंतर पाच दिवसांनी तो बजावला गेला असं धरतात. तिथून १४ दिवसांत 'पोच' नोंदवायची, ते ऑनलाइन होतं. पोच नोंदवली की बचाव दाखल करायला बजावणीपासून एकूण २८ दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो आणि त्याची जाहीर नोंद होते. हुकमाची पूर्ण रक्कम महिन्याच्या आत भरली तर नोंद पुसली जाते. नाहीतर ती सहा वर्षं राहते, आणि तेवढा काळ घरासाठी कर्ज, भाड्याचं घर, कधी मोबाइलचं कनेक्शनसुद्धा जड जातं. हुकूमनामा आधीच झाला असेल आणि तो जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे तिला कळलाच नसेल, तर तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र कळल्याबरोबर करावा लागतो, आणि बचावात काहीतरी दम आहे हेही दाखवावं लागतं.

१७० हा आकडा मला लगेच ओळखू आला : मूळ शंभर आणि वर सत्तर 'वसुली खर्च'. ती नुसती कीपर असेल आणि चालक कोण हे कंपनीला माहीत नसेल, तर चौथ्या परिशिष्टानुसार तिच्याकडून नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. हा मुद्दा बचावात लिहायला सांगा. मूळ नोटीस आता हाती नसेल तर कंपनीकडे असलेल्या स्वतःविषयीच्या माहितीची प्रत मागायचा हक्क मुलीला आहे. फोटो, पाठवलेली पत्रं, सगळं त्यात येतं, आणि त्यावरून वर सांगितली तशी तारखांची मोजणी करा. अशा दाव्यांत हरलं तरी समोरच्याच्या वकिलाचं मोठं बिल सहसा अंगावर पडत नाही, मोजका ठरावीक खर्च पडतो.

आणि नोंदणीपत्रावरचा पत्ता तिने लगेच बदलून घ्यावा. कंपनी अडीच पौंड भरून डीव्हीएलएकडून, म्हणजे तिथल्या सरकारी वाहन-नोंदणी खात्याकडून, कीपरचा पत्ता घेते, आणि तिथे जुना पत्ता असेल तर पुढचा कागदही जुन्याच दारात पडणार.

प्रश्न : आम्हाला विमानतळावर घ्यायला आलेल्या भाच्याला तिथल्या रस्त्यावर थांबल्याबद्दल खासगी कंपनीची नोटीस आली. नियम तेच का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. ज्या जमिनीवर पार्किंगसाठी वेगळे सरकारमान्य उपनियम लागू असतात, ती जमीन चौथ्या परिशिष्टाच्या बाहेर राहते. बऱ्याच विमानतळांचे रस्ते आणि रेल्वे स्टेशनांची आवारं यात मोडतात. तिथे खासगी कंपनीची नोटीस वेळेत आली तरी त्या परिशिष्टाने कीपरला धरता येत नाही. भाच्याने त्या विमानतळाचे उपनियम आधी बघावेत आणि उत्तर कीपर म्हणूनच द्यावं. नोटीस नगरपालिकेची, म्हणजे तिथल्या कौन्सिलची असेल तर मात्र हे सगळं विसरायचं. तिथे कायदा वेगळा आहे आणि साधारणपणे कीपर म्हणून नोंद असलेल्यालाच भरावं लागतं, गाडी कुणीही चालवलेली असो.

प्रश्न : विलायतेचं राहू द्या. मी दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल गावातल्याच एकाला विकली. बाँडवर लिहून घेतलं. चलानचे मेसेज अजून माझ्याच मोबाइलवर येतात.
— एक शेतकरी, वसमत

उत्तर : दादा, आपल्याकडे कायदा उलटा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंद बदलली नसेल तर कायद्याच्या दृष्टीने नोंदीतला माणूसच मालक, असं सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २०१८ साली सांगितलं. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं, म्हणून चलानापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं आणि विमा नसला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते राहून गेलं असलं तरी आता थांबू नका. घेणाऱ्याला सोबत घेऊन फॉर्म २९ आणि ३० भरा. तो येत नसेल तर बाँडची प्रत जोडून आरटीओ आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आलेल्या चलानांवर महाट्रॅफिक ॲपमधून तक्रार नोंदवा. चालक कोण होता असं पोलिसांनी विचारलं तर कलम १३३ प्रमाणे सांगावंच लागतं, तेव्हा घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख बाँडवर आहे तशीच द्या.